आपलाच मेलेला माणूस समोर आला तर : नाइट किंगच्या शेवटाचं प्रकरण

२९ एप्रिल २०१९, सोमवार, सकाळचे साडेसहा. आम्ही पाच जण धान ठेवायच्या खोलीत दार लावून, खिडकीला पोतं टांगून एका मोबाईलभोवती बसलो होतो. अमेरिकेत रविवारी रात्री जे लागायचं ते हॉटस्टारवर आपल्याकडे त्याच वेळी सोमवारी सकाळी यायचं, आणि त्या दिवशी गेम ऑफ थ्रोन्स या मालिकेच्या आठव्या सीझनचा तिसरा एपिसोड होता, द लाँग नाइट, ८२ मिनिटांचा. बाहेर ऊन चढत होतं आणि मोबाईलमध्ये इतका अंधार की कोण कोणाला मारून राहिलं तेच कळेना, शेवटी चुलतभावानं गोधडी आणली आणि आम्ही पाचही जणांनी ती डोक्यावरून घेऊन, घामानं निथळत, तो एपिसोड पाहिला.

संपल्यावर पाच मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग आमच्यातला सगळ्यात लहान पोट्टा बोलला, "संपलं? एका चाकूनं?"

मेलेल्यांच्या फौजेचा राजा नाइट किंग, त्याला आर्या नावाची पोरगी एका चाकूनं मारते आणि सगळी फौज जागीच कोसळते, असा तो शेवट होता. मी हे लिहायला घेतलं ते त्या प्रश्नामुळे, कारण मी त्या वेळी आमच्या मंडळासाठी नाटक लिहीत होतो आणि त्यातही मेलेली माणसं उठून गावावर चालून येत होती आणि तिसऱ्या अंकात मी पुरता अडकलो होतो. आमचं गाव देसाईगंजपासून लांब नाही. देसाईगंज म्हणजे वडसा, जिथून झाडीपट्टीच्या नाटक कंपन्या गावोगावी जातात. दिवाळी झाली की मंडया, म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रा, सुरू होतात, रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. लोक चादरी, शाली घेऊन रात्रभर बसतात. त्या माणसांना रात्रभर बसवून पहाटे खोटा शेवट देता येत नाही, ते तोंडावर सांगतात. म्हणून टीव्हीवरचा इतका महागडा मुर्द्यांचा शेवट कसा लिहिला गेला आणि कुठे निसटला, हे मला अगदी बारकाईनं पाहायचं होतं.

तर परिस्थिती अशी होती. १७ एप्रिल २०११ ला मालिका सुरू झाली, आणि पहिल्या एपिसोडचा पहिलाच सीन उत्तरेच्या टोकाच्या प्रचंड भिंतीपलीकडच्या बर्फातला आहे, मेलेली माणसं, निळे डोळे. राजे, राण्या, सिंहासन सगळं त्याच्या नंतर येतं. म्हणजे लेखकांनी पहिल्याच दिवशी शब्द दिला की खाली हे लोक खुर्चीसाठी भांडतील पण खरं संकट वरून येणार आहे. आठ वर्षं तो शब्द उभा होता. मधे मधे संकट थोडं पुढे सरकायचं, सॅम नावाच्या पोरानं २०१३ मध्ये काळ्या काचेच्या खंजिरानं एक व्हाइट वॉकर, म्हणजे मुर्दे उठवणारा बर्फाचा प्राणी, मारला, २०१४ मध्ये त्यांचा शिंगाच्या मुकुटासारखं डोकं असलेला म्होरक्या नाइट किंग पहिल्यांदा दिसला, आणि मग आलं हार्डहोम.

हार्डहोम, ३१ मे २०१५, पाचव्या सीझनचा आठवा एपिसोड, दिग्दर्शक मिगेल सापोचनिक, आणि लाँग नाइट पण त्याचाच. ज्यांनी पाहिलं त्यांना शेवटचा सीन आठवत असेल. मालिकेचा नायक जॉन स्नो होडीतून मागे पाहत आहे, किनाऱ्यावर नाइट किंग उभा आहे, तो नुसते हात वर उचलतो आणि आत्ता दहा मिनिटांपूर्वी मेलेली सगळी माणसं डोळे उघडून उठतात. एक शब्द नाही, संगीतही जवळपास नाही. पण माझ्यासाठी त्या एपिसोडचा जीव त्याच्या थोडा आधी आहे. कार्सी नावाची एक बाई आहे, स्वतःच्या पोरींना होडीत बसवून मागे थांबलेली, मुर्दे कापत कापत ती पुढे येते आणि समोर येतात मेलेली लहान लेकरं. ती थांबते. तिचा हात उठत नाही. आणि ती लेकरं तिला संपवतात.

हा शत्रू का भयंकर आहे ते त्या एका थांबण्यात आहे. मुर्दे ताकदवान आहेत म्हणून नाही, जास्त आहेत म्हणूनही नाही. ते आपले आहेत म्हणून. माझं या प्रकरणात म्हणणं एवढंच आहे की शत्रूची भीती ज्या जागी बसलेली आहे, शेवट त्याच जागेतून निघाला पाहिजे, आणि लाँग नाइटमध्ये तो दुसऱ्याच दारातून निघाला.

आता लेखकांची अडचण पाहा, कारण ती खरी होती आणि लोक तिच्याकडे पाहत नाहीत. साध्या लढाईत आपला एक मेला की आपला एक कमी. इथे आपला एक मेला की आपल्याकडे एक कमी आणि त्यांच्याकडे एक जास्त, फरक दोनचा. म्हणजे जितकं शौर्यानं लढाल तितकी त्यांची फौज वाढते, थकवा नाही, भूक नाही, भीती नाही, तह नाही, फितुरी नाही. पूर्ण मालिकेची ताकद राजकारणात होती, कोण कोणाला विकत घेईल, कोण कोणाला दगा देईल, आणि हा एकच शत्रू असा की त्याच्यासमोर ते सगळं निकामी. या हिशेबात जिंकणं शक्यच नाही. जिंकायचं असेल तर हिशेबाच्या बाहेर काहीतरी पाहिजे.

ते बाहेरचं काहीतरी सातव्या सीझनच्या सहाव्या एपिसोडमध्ये, ऑगस्ट २०१७ मध्ये आणलं. जॉन एक व्हाइट वॉकर मारतो आणि त्यानं उठवलेले मुर्दे एकदम कोसळतात, आणि मग त्याच्यासोबतचा बेरिक नाइट किंगकडे बोट दाखवून म्हणतो की त्याला मारा, सगळ्यांना त्यानंच उठवलंय. एक डोकं तोडलं की धड आपोआप पडेल. कामाचा नियम आहे, पण तो कधी आला पाहा, एकूण ७३ एपिसोडची मालिका आणि हा नियम शेवटून आठवा एपिसोड असताना कळतो. त्याच्या आधीच्या हार्डहोममध्ये जॉननं वॉकर मारला होता तेव्हा असं काही दाखवलं नव्हतं. वडशाच्या एखाद्या जुन्या नटाला विचारा, तो सांगेल, तिसऱ्या अंकात खुंटीवरची तलवार काढायची असेल तर पहिल्या अंकात ती खुंटीवर दिसली पाहिजे, आणि नुसती दिसून चालत नाही, कोणीतरी तिला हात लावून गेलं पाहिजे.

फौजेला असं एक डोकं देण्याचा दुसरा परिणाम जास्त खोल आहे. मुर्दे जोवर हिवाळ्यासारखे होते तोवर त्यांना हेतू लागत नव्हता, पूर आला तर पुराला कोणी विचारत नाही की तुला काय पाहिजे. पण त्यांना राजा दिला, चेहरा दिला की तो माणूस झाला, आणि माणूस झाला की प्रेक्षक विचारणारच याला पाहिजे काय. २०१६ च्या द डोअर एपिसोडमध्ये त्याचा जन्म दाखवला, जंगलाची मुलं नावाच्या, माणसांच्या आधीच्या जमातीनं एका बांधलेल्या माणसाच्या छातीत काळ्या काचेचा खंजीर घातला आणि तो तयार झाला, माणसांविरुद्धचं हत्यार म्हणून. तिथे फार मोठी गोष्ट दडलेली होती, ज्याच्यावर अन्याय झाला तोच अन्याय होऊन परत येतोय. पण ती पुढे कोणी उचलली नाही. हेतू सांगितला तो आठव्या सीझनच्या दुसऱ्या एपिसोडमध्ये, मागचं सगळं दिसणाऱ्या ब्रॅन स्टार्क या पोराच्या तोंडून, की त्याला हे जग पुसून टाकायचंय आणि मी या जगाची आठवण आहे. सुंदर कल्पना आहे, मुर्दा शेवटी येतो तो आठवणीला मारायला. पण ती लढाईच्या आदल्या रात्री, बैठकीत, दोन वाक्यांत.

ज्यांवरून मालिका निघाली त्या जॉर्ज मार्टिनच्या पुस्तकांत, म्हणजे १९९६ ते २०११ मध्ये आलेल्या पाच भागांत, असा फौज चालवणारा राजा समोर येतच नाही, नाइट्स किंग म्हणून एक फार जुनी दंतकथा आहे तेवढीच. मी यासाठी टीव्हीवाल्यांना दोष देत नाही. कागदावर थंडी लिहिता येते, कॅमेऱ्याला आठ वर्षं नुसती थंडी दाखवता येत नाही, त्याला डोळे लागतात. आणि डोळे नसलेला शत्रू ठेवायचाच असेल तर दुसरा रस्ता आहे तो द वॉकिंग डेडचा, २०१० ते २०२२, ११ सीझन, तिथे मुर्द्यांचा शेवट केलाच नाही, ते पावसापाण्यासारखे कायम राहिले आणि गोष्ट जिवंत माणसांच्या भांडणावर गेली. प्रामाणिक मार्ग आहे. पण ज्यांनी पहिल्याच सीनमध्ये संकटाचा शब्द दिलाय त्यांना तो मार्ग मोकळा नव्हता.

आता त्या ८२ मिनिटांबद्दल. बरोबर जे आहे ते आधी सांगतो कारण ते बरंच आहे. ५५ रात्री शूटिंग केलं त्या लोकांनी, आणि मेहनत दिसते. सुरुवातीला डोथ्राकी घोडेस्वारांच्या तलवारी पेटतात, हजारो ज्योती अंधारात दौडत जातात आणि मग दूरवर एकेक करत विझतात, आवाज बंद, एवढंच. मुर्दा एकही न दाखवता काळजात धस्स होतं. मी तो तुकडा नंतर कितीदा पाहिला असेल, आमच्या नाटकात कंदील विझवायचा प्रवेश तिथूनच सुचला. ब्रॅनची बहीण आर्या, तिचा चाकू पण हवेतून आलेला नाही, तो पहिल्या सीझनमध्ये ब्रॅनला मारायला पाठवलेल्या माणसाच्या हातात होता, सातव्यात ब्रॅननं तोच आर्याला दिला, नाइट किंग शेवटी जिथे मरतो त्याच पवित्र झाडाखाली, आणि त्याच एपिसोडमध्ये ती एका हातातून दुसऱ्या हातात शस्त्र घ्यायचा डाव खेळून दाखवते. ज्या चाकूनं ब्रॅन मरायचा होता त्यानंच ब्रॅन वाचला. म्हणजे हात कोणाचा, हत्यार कोणतं, जागा कोणती, हे सगळं पेरलेलं होतं. आमच्यातले दोघं अजूनही भांडतात की जॉननंच मारायला पाहिजे होतं, मला ते पटत नाही, जॉन असता तरी माझी तक्रार तीच राहिली असती.

तक्रार अशी. नाइट किंग त्या रात्री पुन्हा हात वर करतो आणि स्टार्कांच्या विंटरफेल किल्ल्याच्या अंगणात नुकतेच पडलेले सगळे उठतात, त्यात जॉनचा जुना साथी एड आहे, लियाना मॉर्मंट आहे, दहा-बारा वर्षांची पोरगी जी राक्षसाला घेऊन मेली. त्यांचे डोळे निळे होतात, कॅमेरा ते दाखवतो, आमच्या अंगावर काटा आला, आणि मग काही नाही. ओळखीच्या कोणासमोर ते येतच नाहीत. खाली तळघरात स्टार्क घराण्याचे पूर्वज थडगी फोडून बाहेर येतात, लेकरंबायका तिथेच लपलेल्या, पण त्या हाडांना चेहरा नाही, स्टार्कांची लेक सान्सा, तिच्यासमोर तिचं कोणी उभं राहत नाही. ड्रॅगनवाली राणी डेनेरिस म्हणते की ड्रॅगन हीच माझी लेकरं आणि तिचंच एक लेकरू मुर्दा होऊन आकाशात फिरून राहिलं, पण कथा त्या आईकडे थांबून पाहत नाही. आणि जोरा, तिचा जुना सरदार. जोरा तिला वाचवताना घायाळ होतो, पण मरतो तो मुर्दे कोसळल्यावर. दहा मिनिटं आधी पडला असता तर तो उठला असता, आणि जन्मभर जिच्यासाठी जगला तिच्यावरच चालून आला असता, आणि तिला काहीतरी करावं लागलं असतं. चार वर्षांपूर्वी कार्सी थांबली होती. त्या रात्री पूर्ण किल्ल्यात कोणालाच थांबावं लागलं नाही.

म्हणून चाकू छोटा वाटला. चाकू छोटा नव्हता, त्याची किंमत कोणी भरली नव्हती.

अंधाराबद्दल जगभर बोंब झाली, कॅमेरामन फॅबियन वॅगनरनं सांगितलं की अंधार जास्त नव्हता, लोकांच्या टीव्हीची सेटिंग नीट नाही. त्यावर मी जास्त बोलत नाही, गोधडीखाली पाहणाऱ्यांनी बोलावं असा तो विषय नाही. पण एक गोष्ट नक्की की सहा एपिसोडच्या सीझनमध्ये हे तिसऱ्यातच आटोपलं आणि उरलेले तीन पुन्हा सिंहासनावर गेले, आणि त्या तिन्हींमध्ये मेलेल्यांची फौज आली होती याची खूण कोणाच्या वागण्यात फारशी राहिली नाही. पूर ओसरल्यावर गाळ राहतो. वैनगंगेच्या काठच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. इथे गाळच नव्हता.

हे सगळं मी दुपारी आजीला सांगितलं. ती चैत्रातल्या यात्रेला चंद्रपूरच्या महाकालीला जाऊन नुकतीच परतली होती, आणि मला वाटलं होतं ती मधेच झोपेल. ती झोपली नाही. मुर्दे मारले की वाढतात म्हटल्यावर ती लगेच बोलली, "मंग हा तं रक्तबीजच झाला ना बाप्पा." आणि मी एकदम उठूनच बसलो, कारण आमच्या घरात दर नवरात्रात ती गोष्ट ऐकत मी मोठा झालो आणि मला आठवली नाही.

रक्तबीजाचा हिशेब तोच आहे. देवीमाहात्म्याच्या आठव्या अध्यायात येतो तो. त्याच्या रक्ताचा थेंब भुईवर पडला की तेवढ्याच बळाचा दुसरा असुर उभा राहतो, मातृका, म्हणजे देवांच्या शक्ती, जितके वार करतात तितके असुर वाढतात, शेवटी सगळी धरती त्यांनी भरून जाते, देवसुद्धा घाबरतात. मग देवी चामुंडेला, म्हणजे कालीला, सांगते की तोंड पसर आणि रक्त खाली पडायच्या आत पिऊन घे. रक्तबीज रिकामा होऊन पडतो. पाहा, इथे कुठलं डोकं नाही, गुपित खंजीर नाही, ऐनवेळी कळलेला नियम नाही. जो नियम भीती घालत होता, की थेंब भुईवर पडला की संपलं, त्यालाच हात घातला. आणि फुकट नाही घातला, ते सगळं रक्त कोणीतरी स्वतःच्या पोटात घेतलं. पुढे लोकांत जी गोष्ट सांगतात, की कालीचा कोप मग थांबेना आणि शंकराला तिच्या पायाखाली आडवं व्हावं लागलं, तो माझ्या मते हाच राहिलेला हिशेब आहे. आजी एवढंच म्हणाली, "ते सारं रगत मायनं पोटात घेतलं. थे का सोपं हाय?"

जरासंधाची गोष्ट पण मनात येऊन गेली, दोन फाकळ्या जुळतात तर त्या उलट्या बाजूंना फेक, कृष्ण काडी चिरून दाखवतो. तीही नियमातूनच निघालेली आहे, पण ती युक्ती आहे, तिथे भीमाचं काही जात नाही. मला रक्तबीजच पाहिजे होता.

आमच्या नाटकात गावाच्या मामा तलावातून, म्हणजे माजी मालगुजारी तलावातून, मुर्दे येत होते. मालगुजाराच्या, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या, काळात तलावाची पाळ फुटू नये म्हणून त्यात माणसं गाडली, ती उठतात, आणि ज्याला धरतील तो त्यांच्यातला होतो. माझ्या पहिल्या लिखाणात नायक देवळातली कुऱ्हाड आणून मेलेल्या मालगुजाराचं मुंडकं उडवतो आणि सगळे पडतात. आजीशी बोलल्यावर तो प्रवेश मी फाडला. मंडळातल्यांना राग आला, कुऱ्हाड बनवून झाली होती, चांदीचा कागदही लावला होता.

नवीन नियम असा केला, आणि तो पहिल्या अंकात एका म्हातारीच्या तोंडी अंगाईसारखा टाकला म्हणजे कोणी लक्षच देणार नाही. मुर्दा थांबतो तो फक्त त्याच्या घरच्या माणसानं समोर उभं राहून नाव घेऊन हाक मारली आणि आपल्या हातानं पाणी पाजलं तर. पण एकदा पाणी पाजलं की ते नाव त्या घरात पुन्हा कोणाला घेता येत नाही. घेतलं तर तो परत उठतो. म्हणजे पोरगा शांत करायचा असेल तर आईनं त्याचं नाव कायमचं सोडायचं. शेवटच्या अंकात आईची भूमिका आमच्याच गावच्या अंगणवाडीच्या ताईंनी केली. तालमीत पहिल्या दिवशी त्यांनी हाक मारायचं वाक्य म्हटलंच नाही, लोटा हातात धरून उभ्या राहिल्या, आणि मी प्रॉम्प्टरला खुणेनं सांगितलं की गप्प राहा. तोच तो थांबलेला क्षण होता, शाळेच्या वऱ्हांड्यात, साठच्या बल्बखाली. आम्ही तो तसाच ठेवला, आधी लांब थांबणं आणि मग नाव.

एक अडचण तालमीच्या शेवटच्या आठवड्यात निघाली आणि ती लाइटवाल्या पोरानं काढली. तो म्हणाला, "भाऊ, ज्याच्या घरचं कोनीच नाही उरलं त्याले पानी कोन पाजन?" कोणाकडे उत्तर नव्हतं. गाडलेल्या माणसांपैकी कितीतरी अशीच असतील, बाहेरगावाहून मजुरीला आणलेली, नाव कोणी लिहूनच ठेवलं नाही. नाइट किंगच्या फौजेतले लाखभर मुर्दे पण असेच होते, चाकू लागल्यावर जागीच कोसळून गेले ते कोण होते कोणाला माहीत नाही. आम्ही एक मुर्दा तसाच ठेवायचा ठरवला. सगळे शांत होतात, घरोघरचे लोक आपापला मेलेला घेऊन जातात, आणि एक पोरगा रंगमंचावर उभा राहतो. त्याला वाक्य नाही.

नोव्हेंबरात आमच्याच मंडईत प्रयोग झाला. पहाट होत आली होती, थंडी गंज होती, मागे शेकोट्या पेटलेल्या होत्या. तो पोरगा उभा राहिला आणि आम्ही ठरवल्याप्रमाणे पडदा लगेच पाडला नाही. दोन मिनिटं झाली असतील. तेव्हा बायकांच्या बाजूनं एक म्हातारी उठली, अंगावरचं लुगडं सावरत समोर आली, तिच्या हातात स्वतःचा पाण्याचा तांब्या होता. रंगमंच उंच, तिचा हात पोचत नव्हता, तरी तिनं तो वर धरला आणि विचारलं, "बाबू, तुहं नाव काय रे?"

विंगेतून सगळे माझ्याकडे पाहायला लागले. संहितेत त्याला नाव नव्हतं. पोरगा गुडघ्यावर बसला आणि त्यानं तांब्या घेतला.